शिशाचा संयम

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही शिडाची नौका वादळात सापडली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार लागला आणि त्यांना जागचे हलता येईना. अशा वेळी शीड, सुकाणू, दोर यांतले काहीच उपयोगाचे नव्हते. उपयोगी पडली ती संदेश पाठवणारी छोटी यंत्रे आणि त्यांच्या पोटातल्या बॅटऱ्या. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून ॲमस्टरडॅम नावाच्या लहानशा बेटावर नेले आणि तिथून भारतात आणले ते नौदलाच्या ‘आयएनएस सातपुरा’ या युद्धनौकेने. ज्या डोंगररांगेचे नाव ही नौका मिरवते, त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका वसला आहे. वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला विजेची गरज कधी आणि कशी लागली, ती वीज साठवण्याची रीत गेल्या साठ वर्षांत कशी बदलली आणि त्या बदलाने खलाशाच्या कोणत्या सवयी मोडीत काढल्या, याचा हा इतिहास आहे. त्यातून एकच गोष्ट मांडायची आहे. शिशाच्या जुन्या बॅटरीत एक संयम उपजतच होता. लिथियमने साठवण वाढवली, पण तो उपजत संयम संपवला. आता तो माणसाने जाणूनबुजून, बाहेरून बसवावा लागतो, आणि जिथे तो बसवला जात नाही तिथे नवी बॅटरी जुन्या यंत्राचा जीव घेते.

समुद्र संग्रामपूरपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. मग या विषयाचे इथे काय काम, असे कोणी विचारील. पण साठवणीचा प्रश्न या भागाला नवा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागते, पण ते पिववत नाही. किडनीच्या विकारांच्या तक्रारींमुळे संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतल्या पाण्याची चर्चा राज्यभर झाली आहे. चहूकडे पाणी असून घोटभर पाण्याचा हिशेब ठेवणे म्हणजे काय, हे भर समुद्रातल्या खलाशाइतकेच खारपाणपट्ट्यातल्या बाईला ठाऊक आहे. बॅटरीचेही तसेच. जंगलालगतच्या शेतात रानडुकरे येऊ नयेत म्हणून लावलेले झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर रात्रभर चालते आणि दिवसा सौर पॅनलवर ती बॅटरी भरते. कपाशीवर फवारणी करणाऱ्याच्या पाठीवर चार्जिंगचा पंप असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर असतो. शिडाच्या नौकेवर ही तिन्ही यंत्रे एकाच छपराखाली येतात: रात्रभर चालणारा भार, मर्यादित साठवण आणि इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर. फरक एवढाच की शेतात बॅटरी उतरली तर सकाळी गावात जाऊन दुसरी आणता येते. समुद्रात दुसरी सकाळ त्याच बॅटरीवर काढायची असते.

कोकणातली गलबते आणि मचवे शतकानुशतके विजेशिवाय चालले. वारा, तारे, होकायंत्र आणि तेलाचा दिवा एवढ्यावर तांडेलाचे भागत असे. वीज शिडाखाली शिरली ती उशिरा आणि चोरपावलांनी. तिची पहिली खूण पाहायची तर मुंबईतच पाहावी. ज्या मुंबई बंदरातून खामगावच्या बाजारातला वऱ्हाडी कापूस एके काळी विलायतेला जात असे, त्याच बंदरात १९६० च्या दशकात इथल्या सुतारांनी सागवानाची ३२ फुटी ‘सुहेली’ बांधली. मालक होते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे तरुण अधिकारी. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतले. असे करणारा हा पहिला माणूस. सुहेलीवर वीज होती, पण पाहुण्यासारखी. संदेश पाठवणारा रेडिओ ऑस्ट्रेलिया गाठण्याआधीच बंद पडला. न्यूझीलंड सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांचा जगाशी संपर्कच नव्हता. बॅटऱ्या तपासताना त्यांतले ॲसिड त्यांच्या डोळ्यात उडाले आणि डोळा जातो की काय अशी भीती निर्माण झाली, तरी ते मागे फिरले नाहीत. टाकीतले पाणी खराब झाले, तेव्हा पावसाचे पाणी धरले. वाऱ्यावर आपोआप चालणारे सुकाणूही वाटेत मोडले, तेव्हा शिडे तोलून नौका सरळ ठेवली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते: त्या काळी वीज गेली तर प्रवास अवघड होई, थांबत नसे.

सुहेलीवर होती ती शिशाची बॅटरी तेव्हाही शंभर वर्षांची म्हातारी होती. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची साठवण वाढवली. पुढे मोटारी, आगगाडीचे डबे, तारघरे, टेलिफोनची केंद्रे सगळीकडे हीच बॅटरी गेली. तिला भरणारा आधी डायनॅमो होता. १९६० च्या सुमारास मोटारींमध्ये अल्टरनेटर आला, कारण सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि उलटसुलट वाहणारी वीज सरळ करणे सोपे झाले. डायनॅमो मंद गतीला जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटर इंजिन सावकाश चालतानाही काही ना काही देतो. मोटारीमागोमाग तो ट्रॅक्टरवर गेला, मच्छीमारांच्या यांत्रिक होड्यांवर गेला आणि शिडाच्या नौकांच्या छोट्या डिझेल इंजिनावरही गेला. पण त्याची घडण राहिली मोटारीचीच. मोटारीत इंजिन सुरू करताना बॅटरीतून थोडीशीच वीज खर्च होते, ती काही मिनिटांत भरून निघते आणि मग अल्टरनेटर दिवे वगैरेंपुरता आरामात फिरत राहतो. तासन् तास पूर्ण जोर लावणे हे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

या दोघांची जोडी जमली ती शिशाच्या स्वभावामुळे. अल्टरनेटरचा रेग्युलेटर व्होल्टेज एका मर्यादेवर, साधारण १४.४ व्होल्टवर, धरून ठेवतो. रिकामी बॅटरी सुरुवातीला भरपूर करंट घेते. पण जसजशी ती भरत जाते तसतसा तिचा आतला विरोध वाढतो, तिचे स्वतःचे व्होल्टेज वर चढते आणि करंट आपोआप कमी होत जातो. ऐंशी टक्क्यांच्या पुढे तर ती थेंबथेंब घेते. पोट भरत आले की ताट बाजूला सारणाऱ्या जुन्या माणसासारखी ती घास नाकारते. खलाशाला ही तिची खोड वाटे, कारण शेवटचे वीस टक्के भरायला इंजिन कित्येक तास चालवावे लागे. पण याच खोडीमुळे अल्टरनेटरला थंड व्हायला उसंत मिळत होती. कोणत्याही यंत्रात न बसवलेला, कोणत्याही पुस्तिकेत न लिहिलेला असा हा संयम होता. अल्टरनेटर किती तापेल याची मर्यादा खरे तर बॅटरीच ठरवत होती, आणि हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही. ती हरवते तेव्हाच तिची किंमत कळते.

मधल्या चाळीस वर्षांत नौकेवरची विजेची भूक वाढली. भारतापुरते बोलायचे तर त्याची साक्ष गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ देते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे निवृत्त मराठी नौदल अधिकारी होते. एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हे त्यांचे स्वप्न. त्यासाठी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी म्हादेई तयार झाली आणि २००९ मध्ये पाण्यावर उतरली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परत आले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात न थांबता प्रदक्षिणा केली. दोघेही भर समुद्रातून आपली हकिगत लिहून पाठवत होते आणि लोक ती घरबसल्या वाचत होते. नॉक्स-जॉन्स्टन यांचा चार महिने पत्ता नव्हता. चाळीस वर्षांनी आजची हकिगत आजच किनाऱ्यावर पोहोचू लागली. पुढे सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि दोघींनी २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली, तोवर उपग्रहाद्वारे संपर्क, हवामानाचे नकाशे, जवळच्या जहाजांची चाहूल देणारी यंत्रणा हे सारे सागरी प्रवासाचे रोजचे अंग झाले होते. वीज पाहुणी राहिली नव्हती. ती घरची झाली होती.

घरची झाली म्हणजे तिचा रोजचा शिधा काढणे आले. एक साधा हिशेब मांडू. समजा विजेवरचे सुकाणू सरासरी ४ अँपिअर घेते. २४ तासांत ९६ अँपिअर-तास झाले. दिशादर्शक यंत्रे आणि रेडिओ मिळून १ अँपिअर, म्हणजे २४. दिवे १० आणि उपग्रहाचे यंत्र व संगणक २०. एकूण दिवसाला १५० अँपिअर-तास. आता नौकेवर शिशाच्या ४०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या आहेत असे धरा. त्या अर्ध्यापेक्षा खाली उतरवल्या तर त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि ऐंशी टक्क्यांच्या वर भरायला फार वेळ लागतो. म्हणजे वापरात येतो तो पन्नास ते ऐंशीमधला पट्टा, जेमतेम १२० अँपिअर-तासांचा. कागदावर ४०० आणि हाती १२०. त्यातही ही बॅटरी वरचेवर अर्धवट भरलेली ठेवली तर पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती मरते. म्हणून शिडाच्या नौकांवर एक रिवाज रुजला: रोज ठरलेल्या वेळी इंजिन लावायचे, वीज लागो वा न लागो, आणि बॅटरी शक्य तितकी काठोकाठ भरायची. वारा फुकट असताना डिझेल जाळण्याचा हा रिवाज मूर्खपणाचा नव्हता. तो शिशाच्या स्वभावाशी केलेला व्यवहार होता.

लिथियम या व्यवहारात नव्या अटी घेऊन आले. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये जॉन गुडइनफ आणि १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांच्या कामातून लिथियम-आयन बॅटरी आकाराला आली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. नौकेच्या दृष्टीने याहून मोलाचा टप्पा म्हणजे १९९७. त्या वर्षी गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोन भारतीय संशोधक होते. कोबाल्टऐवजी लोह आणि फॉस्फेट वापरल्याने बॅटरी स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली, आणि फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर ती सहजी भडकत नाही. असे ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते, जुन्या १२ व्होल्टच्या जागी बसणारी. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते. ही त्याच्या निम्म्याहूनही हलकी. शिवाय हिच्यातली ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते, अर्धवट भरलेली राहिली तर बिघडत नाही, आणि हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. आपल्या हिशेबातल्या ४०० मधून आता १२० ऐवजी ३२० हाती येतात. रोज लागणारे इंजिन दोन दिवसांतून एकदा पुरते.

इथवरची कथा नुसत्या प्रगतीची आहे आणि विकणारे ती इथेच थांबवतात. पण हाच हिशेब अल्टरनेटरच्या बाजूने करून पाहावा. दोन दिवसांचे ३०० अँपिअर-तास भरायचे आहेत. १०० अँपिअर लिहिलेला अल्टरनेटर तापल्यावर, मंद गतीला, साधारण ६० देतो असे धरले तर पाच तास लागतील. हे पाचही तास लिथियम पहिल्या घासाच्या भुकेनेच खात राहते. तिचा आतला विरोध फार थोडा, व्होल्टेज सपाट; नको म्हणणे तिला जवळजवळ शेवटपर्यंत माहीत नाही. अल्टरनेटर जेवढी वीज देतो त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता स्वतःत निर्माण करतो. १०० अँपिअर देताना ती १००० वॅटच्या आसपास जाते. स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीइतकी, आणि तीही हवा न खेळणाऱ्या इंजिनाच्या कोंदट खणात. त्यात इंजिन मंद चालले की अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो. म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी, असा प्रसंग. तारांवरचे वार्निश जळते, डायोड जातात. शिशाच्या काळात हा अल्टरनेटर वर्षानुवर्षे टिकला, याचे श्रेय त्याच्या मजबुतीला दिले जाई. ते बॅटरीच्या नकाराला द्यायला हवे होते.

दुसरा धोका उलट्या टोकाचा आहे. लिथियमच्या बॅटरीत प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा असते. तिला बीएमएस म्हणतात. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला की ती बॅटरीला तडकाफडकी तोडून बाजूला करते. बॅटरी वाचते. पण अल्टरनेटर तर पूर्ण जोरात फिरत असतो, त्याचे चुंबकत्व क्षणात ओसरत नाही, आणि जी वीज जायला आता जागा नाही ती व्होल्टेजच्या उसळीतून बाहेर पडते. सेकंदाच्या लहानशा भागात १२ व्होल्टच्या तारांवर कित्येक पट व्होल्टेज येते. अल्टरनेटरचे डायोड आणि कधी दिशादर्शक यंत्रेही त्यात जातात. शिशाची बॅटरी अशी अचानक हात सोडत नसे. ती उकळे, पाणी सोडे, वास मारी आणि आधी सूचना देई. तिसरा तोटा त्याहून शांत आहे. शिशाची बॅटरी काही वेळ विसावली की १२.७ व्होल्टला पूर्ण आणि १२.१ ला अर्धी, हे साध्या मीटरवर वाचता येई. लिथियममध्ये ऐंशी टक्के आणि चाळीस टक्के यांच्यात जेमतेम एक-दोन दशांश व्होल्टचा फरक पडतो. विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे तशी ही मोजणी आता होत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले, याचा सतत जमाखर्च ठेवणारे शंट लागते, आणि तो जमाखर्चही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून पुन्हा जुळवावा लागतो.

या तिन्ही ठिकाणी खलाशांनी शोधलेले उपाय पाहिले तर त्यांचा अर्थ एकच निघतो: शिशाने जे आपोआप केले ते आता कोणाला तरी सोपवायचे. अल्टरनेटरच्या अंगावर तापमापक बसवून बाहेरचा रेग्युलेटर लावतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापला की तो अल्टरनेटरच्या चुंबकाची वीज कमी करतो आणि उत्पादन उतरवतो. काहीजण अल्टरनेटर शिशाच्या जुन्या बॅटरीलाच जोडलेला ठेवतात आणि तिच्यातून लिथियमला ३० अँपिअरसारख्या बांधलेल्या मापाने वीज देणारा चार्जर मधे घालतात. अशाने लिथियमने हात सोडला तरी अल्टरनेटरच्या हाती शिशाचा हात राहतो. बीएमएसने तोडण्याआधी अल्टरनेटरच्या चुंबकाची वीज बंद व्हावी, असा क्रम लावतात. भरण्याची मर्यादा १४.६ ऐवजी १४.२ च्या आसपास धरतात आणि नौका बंदरात पडून असेल तर बॅटरी काठोकाठ न ठेवता अर्ध्यावर सोडतात. हा शेवटचा नियम जुन्या खलाशाला सर्वांत जड जातो. आयुष्यभर ज्याने बॅटरी भरलेली ठेवणे हाच धर्म मानला, त्याला आता अर्धी ठेवणे शहाणपणाचे आहे असे सांगावे लागते. साधन बदलले की सवय उलटी होते, ती अशी.

यावर पहिला आक्षेप असा की बीएमएस आहे ना, मग एवढा खटाटोप कशाला. नवी बॅटरी जुन्या जागी बसवा आणि विसरा. पण बीएमएसचे काम बॅटरी वाचवणे, नौका वाचवणे नव्हे. संकटात ती बॅटरीला वाचवते, तेव्हा बाकीच्यांचे काय होते हे तिला कळत नाही. अंधाऱ्या रात्री, वाहतुकीच्या मार्गावर, तिने वीज तोडली तर बॅटरी शाबूत राहील आणि सुकाणू, दिवे, रेडिओ तिन्ही एकदम जातील. तिला शेवटचा पहारेकरी मानावे, रोजचा कारभारी मानू नये. चांगल्या मांडणीत बीएमएस तोडण्याची वेळ कधीच येत नाही, कारण तिच्या आधीच्या दोन पायऱ्यांवर कोणीतरी थांबा म्हटलेले असते. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: एवढे सांभाळायचे तर शिशाच काय वाईट? लिथियम पेट घेते, हे जगाने पाहिले आहे. जानेवारी २०१३ मध्ये, टॉमी म्हादेईत एकटे असतानाच, बोइंग ७८७ विमाने बॅटऱ्यांच्या आगीमुळे जगभर जमिनीवर उतरवावी लागली. ही भीती खोटी नाही. पण त्या बॅटऱ्या कोबाल्टच्या होत्या. नौकांवर वापरायचे फॉस्फेट वेगळे आहे. आणि शिसे निर्धोक होते असे मानणे म्हणजे सुहेलीवरचा तो डोळा विसरणे. भरताना त्यातून निघणारा हायड्रोजन कोंडला तर स्फोट होतो, नौका कलंडली तर ॲसिड सांडते. खारे पाणी आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीनसारखा विषारी वायू निघू शकतो. धोका दोन्हीकडे आहे. शिशाचा धोका आपल्याला सवयीने दिसेनासा झाला आणि लिथियमचा अजून नवा आहे, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सौर पॅनल स्वस्त झाले, मग अल्टरनेटरची चिंता कालची झाली असे म्हणता येईल. विषुववृत्ताजवळच्या उजळ पट्ट्यात हे बहुतांशी खरे आहे आणि लिथियमची अर्धवट भरलेल्या स्थितीतली सहनशीलता सूर्याशी छान जुळते. पण पृथ्वीप्रदक्षिणेचा खरा कस लागतो तो दक्षिण महासागरात, जिथे आठवडेच्या आठवडे ढग असतात, सूर्य खाली असतो आणि लाटा पॅनलवरून जातात. नेमके तेव्हाच सुकाणूवरचा भारही सर्वाधिक असतो. सूर्य जितका कमी तितका अल्टरनेटर मोलाचा. चौथा आक्षेप मुळावरच येतो: नॉक्स-जॉन्स्टन यांना जमले, तर विजेचे हे ओझे हवेच कशाला? एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत १९६८ ची आठवण म्हणून जुन्या साधनांनिशीच होते. टॉमी २०१८ मध्ये याच शर्यतीत होते; २०२२-२३ मध्ये ते तिच्यात पुन्हा उतरले आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. विजेवर कमीत कमी अवलंबून जग पालथे घालता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पण त्याच शर्यतीचा नियम असा की संकटात हाक देणारे यंत्र जवळ असलेच पाहिजे. २०१८ ची हाक ऐकू आली नसती तर २०२२ ची शर्यत झालीच नसती. विजेला नकार देणारी परंपराही शेवटची थोडी वीज राखून ठेवतेच.

त्या हाक देणाऱ्या यंत्रातली बॅटरी या इतिहासाची किल्ली आहे. तीही लिथियमचीच, पण पुन्हा भरता न येणारी. ती वर्षानुवर्षे बंद पडून राहते, मुदत संपली की बदलतात, आणि एकदा सुरू केली की तिने किमान ४८ तास आकाशाकडे संकेत पाठवला पाहिजे असा दंडक आहे. तिला संयम कोणी शिकवला? तिच्या रसायनाने नव्हे. ती रोज वापरायची नाही, या माणसाने घातलेल्या नियमाने. नौकेवरच्या मोठ्या बॅटऱ्यांबाबतही जाणते खलाशी हेच करतात: इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी, घरखर्चाची वेगळी, आणि कितीही अडचण आली तरी पहिलीला दुसरीच्या हिशेबात ओढायचे नाही. संग्रामपूरच्या शेतात हा धडा जसाच्या तसा लागू आहे. शिशाच्या बॅटरीच्या फवारणी पंपात लिथियम बसवून चार्जर मात्र जुनाच ठेवणे, झटका मशीनची बॅटरी मोबाइल भरायला वापरणे, या शेतातल्या चुका भर समुद्रातल्या चुकांच्या सख्ख्या बहिणी आहेत. खारपाणपट्ट्यातल्या घरांना मात्र हे कोणी नव्याने शिकवायला नको. तिथे वापरायचे पाणी एका भांड्यात आणि प्यायचे गोड पाणी दुसऱ्या भांड्यात राहते. आंघोळीला पाणी कमी पडले म्हणून कोणी पिण्याच्या माठाला हात लावत नाही. माठाला तोटी नसते, झडप नसते, बीएमएस नसते. घरातल्या माणसांचा नियम असतो, आणि म्हणून संध्याकाळी माठात पाणी असते.